लवंगीचे खरे वजन

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावे. माझा आवाज लहान आहे आणि घसा ताणून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. आज मी तुम्हाला एका मामाची आणि त्याच्या भाचीची कथा सांगणार आहे. तिच्यात एक लबाडी आहे. मायेपोटी केलेली असली तरी लबाडी ती लबाडीच, आणि तिने एका लहान जिवाला जवळजवळ बुडवले होते. ऐका, आणि मग दोष कोणाचा ते तुमचे तुम्ही ठरवा.

मी एक जुना वजनकाटा आहे. वाण्याच्या दुकानात टांगलेला तराजू नव्हे, माणसाने ज्याच्यावर उभे राहायचे तो. खाली लोखंडी पाट, त्यावर रेघारेघांचे काळे रबर आणि पुढे काचेखाली पांढरी तबकडी. तबकडीत तांबडा काटा. कोणी पाय ठेवला की तो दचकतो, पुढे धावतो, थोडा मागे येतो आणि मग थांबतो. त्याच्या त्या थांबण्याशी लोक किती भांडतात म्हणून सांगू.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी स्प्रिंग बसवली, तो मोठा चिकट माणूस होता. पाच किलोचे वजन ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. काटा केसभर जरी चुकला तरी सगळे खोलून पहिल्यापासून सुरुवात. शेजारचे हसायचे, की हा काटा घडवतोय की मुलगी नांदायला पाठवतोय. त्याने मनावर घेतले नाही. म्हणूनच मी इतकी वर्षे टिकलो.

पुढे बारा वर्षे मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो. तिथे माझा मान मोठा होता. रुग्ण कुरकुरला की डॉक्टर म्हणायचे, काट्याशी वाद घालू नका. मग एक दिवस काचेचा चपटा, आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. माझ्यावर जुन्या पडद्यांचे गाठोडे आणि गाठोड्यावर पाय मोडलेले स्टूल. तीन वर्षे एकाही माणसाचे पाऊल मला लागले नाही. उंदरांनी रबराचा कोपरा कुरतडला. त्या गाठोड्याचे वजन मात्र मी इमानाने सांगत राहिलो, साडेसहा किलो. बघायला कोणी नव्हते, इतकेच.

पण देव कोणाला अडगळीत विसरत नाही. तो फक्त योग्य माणूस यायची वाट बघतो. माझ्यासाठी आल्या त्या थोरल्या बाई.

थोरल्या बाई म्हणजे निवृत्त परिचारिका. केस कापसासारखे, गुडघे अधू, पण जीभ कातरीसारखी. डॉक्टरांनी त्यांना जुना पंखा देऊ केला. त्या म्हणाल्या, वारा मला खिडकीतून फुकट मिळतो, तो काटा द्या. त्यांनी मला घरी नेऊन पुसले, तेल घातले आणि आपल्या संस्थेत आणले. संस्था केवढी, तर बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या, एक कपाट, एक सायकल आणि तीन-चार माणसे. दारावर पाटी नव्हती. ती का नव्हती, हे सांगायला हवे.

मित्रांनो, एचआयव्ही नावाचा एक विषाणू असतो. तो रक्तात शिरला की अंगातली रोगांशी लढण्याची ताकद हळूहळू खातो, आणि औषध मिळाले नाही तर पुढे एड्स होतो. मात्र रोज, न चुकता औषध घेतले तर तो दबून राहतो आणि माणूस चारचौघांसारखा जगतो. हात धरल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो कोणालाही होत नाही. हे सगळ्यांच्या डोक्यात शिरले असते तर थोरल्या बाई केव्हाच घरी पाय पसरून बसल्या असत्या. रोगावर गोळी निघाली आहे, पण शेजाऱ्यांच्या नजरेवर अजून निघालेली नाही. त्या घरांना औषधाची आठवण करायची, मुलांची शाळा सुटू द्यायची नाही, घरात खायला आहे का ते बघायचे आणि दर महिन्याला मुलांचे वजन करायचे, हे या संस्थेचे काम होते. लहान मुलांना औषध किती द्यायचे हे डॉक्टर वजनावरून ठरवतात. तेव्हा मी काही नुसता शोभेचा नव्हतो.

पहिल्याच महिन्यात आमची एक चूक झाली. एका आईच्या घरी मला दोनदा नेले. गल्लीने विचारले, यांच्याच दारात काटा का येतो? आठ दिवसांत त्या घराला कुलूप लागले, आणि ती माणसे कुठे गेली ते आजवर कळलेले नाही. त्या दिवशी थोरल्या बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की यापुढे एका घराचे वजन करायचे नाही, करायचे तर सगळ्या गल्लीचे. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची सायकल एकेका गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि पोरेटोरे, आयाबाया, सगळे रांगेत येतात. त्या रांगेत आमचे मूल कोणते, हे फक्त आम्हाला ठाऊक असते.

सायकल चालवणारीला सगळे सायकलताई म्हणत. तिच्या कॅरिअरवर, जुन्या गोधडीत गुंडाळून मी गावभर हिंडलो. ती स्वतः याच दुखण्यातून उठलेली. नवरा गेला, सासरच्यांनी आधी तिचे ताट वेगळे केले आणि मग दार दाखवले. ती पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली तेव्हा छत्तीस किलो होती. आता बावन्न आहे, आणि चढावर उतरून सायकल ढकलणे तिला कमीपणाचे वाटते.

पूर्वरंग पुरे. आता मूळ कथेला येतो.

एका गल्लीत जिन्याखाली एका किल्लीवाल्याचे दुकान होते. कोपरे आवरून बसले तर एक माणूस मावेल एवढे. वर तारेला कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, पुढे पकड, कानस आणि डब्यात मोडकी कुलपे. हा किल्लीवाला एकटा जीव. शब्दसुद्धा कानशीने घासून बारीक करूनच बाहेर काढायचा. त्याची बहीण या आजाराने गेली. मेहुणा आधीच गेला होता. मागे राहिली आठ वर्षांची मुलगी, तिच्याही रक्तात तेच. बहिणीच्या सासरच्या मंडळींनी घरात लहान मुले आहेत असे सांगून हात वर केले. किल्लीवाल्याने भाचीचे गाठोडे उचलले, तिचे बोट धरले आणि जिन्यामागच्या आपल्या खोलीत घेऊन आला. पोर अंगाने काडी, पण तोंडाने तिखट, म्हणून गल्लीने तिचे नाव लवंगी ठेवले.

आई गेल्यावर लवंगीचे खाण्यावरून मन उडाले. मामाला स्वयंपाक म्हणजे चहा आणि पाव. एकोणीस किलोची पोर साडेअठरावर आली. थोरल्या बाईंनी मामाला माडीवर बोलावून समजावले, की एकट्या पुरुषाला हे झेपणार नाही. दूरच्या शहरात अशा मुलांसाठी एक चांगले वसतिगृह आहे. तीन महिने बघू. वजन वाढले तर मुलगी तुमच्याकडे, घटत राहिले तर तिकडे. मामाने मान हलवली आणि जिना उतरला.

आणि काय चमत्कार! पुढच्या महिन्याच्या रविवारी लवंगी साडेएकोणीस भरली. त्याच्या पुढच्या महिन्यात वीस. सायकलताईने तिची पाठ थोपटली. थोरल्या बाई पहिल्यांदाच म्हणाल्या की पुरुषजातीबद्दल आपले मत थोडे बदलायला हवे. डॉक्टरांनीही वीसचा आकडा बघून औषध वाढवून दिले. तिसऱ्या महिन्यातही काटा विसावरच राहिला.

मी मात्र अस्वस्थ होतो. माझ्यावर हजारो पावले पडली आहेत. जिवंत माणूस उभा राहिला की तो श्वासागणिक हलतो, आणि माझा काटा त्याच्याबरोबर किंचित डोलतो. लवंगीच्या वजनातला एक भाग डोलत नव्हता. तो मेल्यासारखा गप्प होता. शिवाय तिचे तळवे दर महिन्याला जास्त गार लागत होते. पण मला तोंड कुठे आहे? मी तोलायचे, बोलायचे दुसऱ्याने.

ते बोलणारे तोंड भाजीवाल्या मावशीचे निघाले. ही मावशी म्हणजे आमच्या रांगेची करमणूक. माझ्यावर चढण्याआधी ती चपला काढायची, मग कनवटीची पिशवी काढायची, मग चष्मा काढायची, आणि तरी काटा ऐंशीपुढे गेला की म्हणायची, याला माझ्याशी काय वैर आहे कोण जाणे. त्या तिसऱ्या वजनाच्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती तणतणत बेकरीची माडी चढून आली. लवंगी नळावर उलट्या करता करता चक्कर येऊन पडली होती आणि मावशीने तिला उचलून घरी नेऊन निजवले होते. मावशीला आजाराचे काही ठाऊक नव्हते. तिची तक्रार माझ्याबद्दल होती.

"वीस किलोची टोपली मी रोज उचलते," ती म्हणाली. "वीस म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचारा. ती पोर सतराच्या वर नाही. तुमचा काटा खुळा झालाय, भंगारात घाला त्याला."

माझ्या इमानावर असा घाला पहिल्यांदाच आला. सायकलताईने मला खाली बेकरीत नेले आणि माझ्यावर पिठाचे न फोडलेले पोते ठेवले. पोत्यावर पंचवीस छापलेले होते, मी पंचवीस दाखवले. मावशीला पटेना. तिने स्वतःच्या दुकानातून दहा किलोचे माप आणवले. मी दहा दाखवले. मावशी गप्प झाली, आणि ती गप्प झालेली पाहून बेकरीवाला भट्टी सोडून बघायला आला. सायकलताई मात्र हसली नाही. तिने मला गोधडीत गुंडाळले आणि सायकल थेट किल्लीवाल्याच्या जिन्याशी नेली.

मामा एका किल्लीला दात पाडत होता. सायकलताईने मला त्याच्यापुढे फरशीवर ठेवले.

"दादा, पोरीला उभी करा. आत्ता आहे तशी."

"आज नको, ताई. तिला बरं नाही."

"म्हणूनच आज."

कानस थांबली. आतून भिंत धरत लवंगी आली आणि कोणी सांगायच्या आत माझ्यावर उभी राहिली. माझा काटा सतरा किलो आठशेवर थांबला, आणि तिच्या श्वासाबरोबर डोलत राहिला. मग ती उतरली, आत गेली, आणि दोन्ही हातांनी ओढत एक जाड कापडी पट्टा घेऊन आली. त्याला शिवलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक पितळी कुलूप. झग्याखाली कमरेला बांधायचा तो पट्टा होता. ती पुन्हा माझ्यावर चढली आणि पट्टा पायाशी ठेवला.

"असे वीस होतात," ती म्हणाली. "मामाला बोलू नकोस. शेवटची दोन कुलपं मीच मागून घेतली."

सायकलताईने विचारले, की का ग बाई असे केलेस? लवंगीने तिच्याकडे असे पाहिले, जणू इतक्या मोठ्या बाईला एवढेही कळू नये.

"घटलं की तुम्ही नेणार होता ना मला."

मामाने हातातली किल्ली खाली ठेवली. तो बोलला तेव्हा इतक्या हळू बोलला की मी जमिनीवर होतो म्हणून मला ऐकू आले. "मला रांधता येत नाही, ताई. वेणी येत नाही. बहिणीला दवाखान्यात नेलं ते परत आणता आलं नाही. हिला पण गाडीत बसवून देऊ?"

सायकलताईचे डोळे भरले होते, पण तिने आवाज भरू दिला नाही. "दादा, डॉक्टरांनी औषध वाढवलं ते वीस किलोला. त्यातलं दोन किलो पितळ आहे. कुलपांचं औषध तुम्ही या पोरीला पाजताय. त्यात हिच्या पोटात धड अन्न नाही. मग उलट्या नाही तर काय होणार?"

मित्रांनो, माणसाचा चेहरा उतरतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला. उलट्या झाल्या की लवंगी खायची नाही. खाल्ले नाही की वजन घटायचे. वजन घटले की मामा एक कुलूप वाढवायचा. तिला वाचवायला त्याने जे केले, तेच तिला खात होते. त्याने पट्टा उचलला, एकेक कुलूप काढून डब्यात टाकले, आणि भाचीला कडेवर घेऊन सायकलताईच्या मागे चालत दवाखान्यात गेला. दुकान उघडे टाकून गेला. किल्लीवाल्याचे दुकान उघडे राहिलेले गल्लीने त्याआधी कधी पाहिले नव्हते. मावशीने न सांगता राखण केली.

डॉक्टरांनी आधी मामा-भाची दोघांना झापले, मग औषध खऱ्या वजनाला उतरवले. संध्याकाळी थोरल्या बाई गुडघे धरत स्वतः जिन्याशी आल्या. मामा उभा राहिला. त्याला वाटले, आता निकाल ऐकायचा. बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "चूक आधी माझी. भ्यालेल्या माणसाला मी अट घातली, आणि अट घातली की माणूस लपवतो. चाळीस वर्षं दवाखान्यात काढून मला हे कळू नये? पोरगी कुठं जाणार नाही. पण यापुढे मला खरं वजन हवं. वाईट असलं तरी खरं."

तिथून खरी चढण सुरू झाली. सायकलताई रोज सकाळी येऊन मामाला स्वयंपाक शिकवू लागली. पहिल्या आठवड्यात जे शिजले ते मावशीच्या शेजारच्या शेळीनेही हुंगून सोडले. तरी मामा हटला नाही. ज्या हातांना किल्लीचा दात केसाएवढा नेमका घासता येतो, त्यांना कणीक का मळता येऊ नये, असा त्याचा हट्ट. बेकरीवाला रोज दोन अंडी पाठवू लागला. कशासाठी, ते त्याने विचारले नाही.

एक काम बाकी होते. लवंगीला आजवर रक्त साफ करायचे औषध एवढेच सांगितले होते. सायकलताईने मामाला विचारून, एके सकाळी तिच्यासमोर आपली डबी उघडली आणि स्वतःची गोळी तळहातावर ठेवली. माझ्या रक्तात आहे तेच तुझ्या रक्तात आहे, असे सांगून त्याचे नावही सांगितले. हे तुझ्या आईला होते, यात तिचा गुन्हा नव्हता आणि तुझाही नाही, हेही सांगितले. लवंगीने ती गोळी बोटाने उलटून पाहिली.

"मग तू कशी नाही मेलीस?"

"अकरा वर्षं एक दिवस चुकले नाही म्हणून."

"मी बारा वर्षं नाही चुकणार," लवंगी म्हणाली, आणि पाण्याचा पेला उचलला.

मित्रांनो, यानंतर वजन भराभर वाढले असे मला सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण मी काटा आहे. पहिल्या महिन्यात ती सतरा सहाशे भरली. म्हणजे आणखी घट. मामाने डोळे मिटून घेतले. थोरल्या बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा, एवढेच म्हणाल्या. मग सतरा नऊशे. मग तापाने पुन्हा साडेसतरा. मग अठरा. त्या अठराला मामाने लवंगीला विचारले की काय हवे, तर ती म्हणाली, पट्ट्याच्या कापडाची शाळेची पिशवी. चौदा महिने गेले. एक दिवस ती माझ्यावर उभी राहिली आणि माझा काटा विसावर जाऊन डोलू लागला. सगळे वीस किलो जिवंत होते. डॉक्टरांनी औषध वाढवले, आणि या वेळी ते पोटात राहिले.

त्या दिवशी गल्लीत मावशी जोरात होती. लवंगीला उचलून तिने कमरेवर तोलले आणि काट्याला माफ केले. मग ती म्हणाली, की आता त्या मामालाही चढवा, भाचीने एवढे नाव काढले तर मामा किती भरतो ते बघू. मामा नाही नाही म्हणू लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की गल्लीतली सगळी माणसे माझ्यावर चढली, हा एकच कधी चढला नाही. तो दर वेळी बाजूला उभा असायचा, लवंगीच्या चपला हातात धरून, माझ्या तबकडीकडे बघत.

लवंगीने त्याच्या हातातल्या चपला घेतल्या आणि त्याला ढकलले. तो चढला. पाच हात उंच गडी, आणि माझा काटा बेचाळीसवर थांबला.

कोणी हसले नाही. सायकलताईने वहीतून मान वर केली. इतके महिने शिजलेले जे काही धड होते ते लवंगीच्या ताटात गेले होते, आणि चहा-पाव मामाच्या. थोरल्या बाई पुढे आल्या, त्याच्या मनगटाला हात लावून त्यांनी नाडी बघितली, आणि त्याच दिवसापासून वहीत मुलाच्या नावाखाली आणखी एक ओळ आखली गेली, मुलाला घेऊन येणाऱ्या माणसाची. ती ओळ आजही भरली जाते. दुसऱ्या दिवसापासून बेकरीतून चार अंडी येऊ लागली, आणि मामाचे ताट रिकामे होईपर्यंत लवंगी समोरून उठेनाशी झाली.

माझी स्प्रिंग आता थकत चालली आहे. वर्षातून एकदा तेल आणि ओल्या फरशीपासून थोडी उंच जागा, एवढे मिळाले तर मी अजून पुष्कळ पावले तोलीन. ते माझे मागणे झाले, आणि ते लहान आहे. मोठे मागणे दुसरेच आहे. एखाद्या आजारी मुलाच्या घरी तुम्ही गेलात, तर त्याची चौकशी कराच, त्याच्या शेजारी बसा, त्याच्या ताटातले खा. पण मित्रांनो, उठण्याआधी जरा बाजूला बघा. तिथे कोणीतरी चपला हातात धरून उभे असेल. तेव्हा त्या किल्लीवाल्या मामाची आठवण ठेवा, आणि त्या उभ्या माणसाला विचारा, की बाबा, तू जेवलास का?